तिसऱ्या प्रश्नाची जागा

"बाबा, इथं तुमच्याविषयी लिहिलंय," निशा म्हणाली.

राघो गॅसपाशी उभा राहून भाताची पेज निथळत होता. बायको मैना गेल्यापासून त्याला भात जमायला लागला होता, पण पेज निथळताना हात भाजायचा तो भाजायचाच.

"कुठं?"

"आईच्या वहीत. शेवटच्या पानावर. 'ह्यांना विचारणे' असं लिहून खाली तीन प्रश्न लिहिलेत. आईचे 'हे' म्हणजे तुम्हीच ना?"

"मग काय गल्लीतले सगळे?" राघो म्हणाला. पण भातावर झाकण ठेवायचं सोडून तो तसाच उभा राहिला.

निशा त्याची एकुलती मुलगी. कल्याणला नर्स होती, आठवड्याची एक सुट्टी बापाकडे काढायची. पुढच्या रविवारी मैनाचा पहिला स्मृतिदिन होता. मैना टेमघरला अंगणवाडीत मदतनीस होती. मागच्या जुलैत मुलांना खिचडी वाटून झाल्यावर "छातीत जरा दुखतंय गं" म्हणत ती पायरीवर टेकली, ती उठलीच नाही. खिचडी मात्र सगळ्या मुलांना मिळाली होती. राघोला त्या दिवसातली तेवढीच गोष्ट बरी वाटायची.

वस्तीतल्या बुद्धविहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज संध्याकाळी वाचन चाले आणि रविवारी 'सवाल' असे. म्हणजे एका बाईने एक विषय घ्यायचा, त्याची माहिती काढायची आणि सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं. सवालाला एकच नियम होता आणि तो मैनाने घालून दिला होता. ऐकीव सांगायचं नाही. ज्याच्यावर गुदरलं, त्याला विचारून यायचं. कोणाला विचारलं ते रजिस्टरात लिहायचं. मैनाने घेतलेला विषय होता 'लूम आणि जात'. तिचा रविवार यायच्या आठ दिवस आधी ती गेली. विहार सांभाळणाऱ्या काशीताईंनी रजिस्टरातलं तिचं नाव खोडलं नाही. "मैनाचा सवाल तिच्या स्मृतिदिनाला वाचू. जेवढा लिहिलाय तेवढा वाचू," असं त्या सगळ्यांना सांगत होत्या.

"वाच बघू," राघो म्हणाला.

निशाने वाचलं. मैनाची भाषा साधी होती, सातवी शिकलेल्या बाईची. तिने लिहिलं होतं:

'अमेरिकेत दक्षिणेकडे कापडाच्या गिरण्या होत्या. तिथे काळ्या माणसांना गासड्या फोडायला आणि अंगण झाडायला घेत. लूमवर उभं राहायला गोरेच. कित्येक वर्षं असं चाललं. ही माहिती आपल्या वस्तीतल्या वकील करिष्माने इंग्रजी पुस्तकातून वाचून सांगितली. तिथल्या माणसाला विचारायला जाता येत नाही, म्हणून या एका जागी पुस्तक चालवून घ्यावं. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना सूत काढायच्या खात्यात घेत, पण विणाई खात्यात घेत नसत. पगार तर विणाईत जास्त. कारण काय, तर लूमवर इकडून तिकडे सूत नेणाऱ्या धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागतो. आपली थुंकी धोट्याला लागेल आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागेल. तिकडे रंग आडवा आला, इकडे थुंकी. लूम मात्र दोन्हीकडे सारखाच.'

राघो ऐकत होता. चाळीस वर्षं तो भिवंडीत लूमवर, यंत्रमागावर, उभा होता. सुताची कांडी संपली की धोट्यात नवी कांडी घालायची, धोटा तोंडाशी धरून त्याच्या बारीक भोकातून श्वास आत ओढायचा, की दोरा जिभेवर येतो. दिवसातून कितीतरी वेळा. त्याला त्यात सांगण्यासारखं काही असेल असं वाटलं नव्हतं. मैनाला वाटलं होतं.

निशा पुढे वाचत होती. 'फरक पण आहे. काळ्या माणसाला रंग लपवता येत नाही. आपल्याला नाव लपवता येतं. लपवलं तर काय होतं? दुसरा फरक असा की तिकडे मधे एक मोठी भिंत. इकडे बाबासाहेबांनी सांगितलं तशा पायऱ्या. ज्याला वरून लाथ बसते त्याच्याही पायाखाली कोणीतरी असतं.'

"आणि मग प्रश्न," निशा म्हणाली. "एक. धोट्याला तोंड लावताना तुम्हाला कोणी अडवलं का? दोन. तुम्ही जात काय सांगितली होती? या दोन्हीच्या खाली चार-चार ओळी मोकळ्या आहेत. तीन. तुम्ही कधी कोणाला अडवलंत का? याच्याखाली अख्खं पान मोकळं आहे."

राघोने ताट घेतलं, भात वाढला आणि तिच्यापुढे सरकवला. "जेव आधी."

"बाबा, आईने तुम्हाला हे विचारलं नव्हतं?"

"नाही. विचारायची वेळ बघत असेल. मी घरात असलो की झोपलेला."

"मग मला सांगा. मी लिहिते."

राघो खाली बसला. एवढ्या वर्षांत त्याने ही गोष्ट घरात कधी काढली नव्हती. काढायला सुरुवात केली तेव्हा मात्र त्याला हसूच आलं.

"त्र्याऐंशी साली लागलो मी. जाधव म्हटल्यावर मुकादमाने विचारलं, 'मराठा का?' मी मान हलवली. तोंडाने खोटं बोललो नाही, मानेनं बोललो. माझ्या लूमवर दुसऱ्या शिफ्टला घाटावरचा एक गडी होता. धोटा एकच. मी ठेवून जायचो, तो उचलायचा. त्याला बरं वाटलं, आपल्यातलाच जोडीदार मिळाला."

"मग कळलं कसं?"

"सहा डिसेंबर. दादरला तर गेलंच पाहिजे. पहिल्या वर्षी सांगितलं, मावशी वारली. सुट्टी मिळाली. दुसऱ्या वर्षी काय सांगावं सुचेना, परत मावशीच सांगितली. तिसऱ्या वर्षी पण तेच तोंडातून गेलं. मुकादम म्हणाला, 'काय रे जाधव, तुझी मावशी दरवर्षी सहा तारखेलाच मरते?'"

निशा खळखळून हसली. राघोही हसला.

"हसू नकोस, तेव्हा नोकरीवर आलं होतं. सगळ्या कारखान्याला कळलं. जोडीदार म्हणाला, मला धोटे वेगळे द्या, नाहीतर याला हलवा. मुकादम मला सुताचे जड बीम उचलायच्या कामावर टाकणार होता. तेवढ्यात बाजूच्या लूमवरून इद्रीसभाई आले. यूपीतल्या मऊचे. तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. माझ्या हातातला धोटा घेतला, तोंडाला लावला, दोरा ओढला आणि माझ्या हातात परत दिला. मुकादमाला म्हणाले, 'इसकी जोड़ी मेरे साथ लगा दो. बस, बात ख़तम.'"

"एवढंच?"

"मी नंतर विचारलं, भाई, तुम्हाला कसं काही वाटलं नाही? तर म्हणाले, 'हम जुलाहे हैं राघो. गाँव में सैयद मियाँ की चारपाई पर मेरा बाप कभी नहीं बैठा. नमाज़ में साथ खड़ा होता था, चारपाई पर नहीं. मुझे मत समझा.' वीस वर्षं आम्ही एक धोटा वापरला. लॉकडाऊनमध्ये गावी गेले, तिकडेच वारले. त्या माणसामुळे मी विणकर राहिलो, निशा. तुझी फी त्या धोट्यातून गेली."

निशाने दोन्ही उत्तरं लिहून काढली. "आणि तिसरा?"

"तिसरा नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे तसं काही झालं नाही. लिही, नाही."

निशाने पेन वर धरलं. "अख्ख्या पानावर एक 'नाही' लिहू?"

"मग काही लिहू नकोस. राहू दे मोकळं," असं म्हणून राघो हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या शिफ्टला तो लूमवर उभा राहिला. साधे लूम उरलेल्या शेवटच्या काही कारखान्यांपैकी तो कारखाना होता. आजूबाजूला नवी मशीन आली होती, त्यांना धोटाच नसतो. राघोने कांडी बदलली, धोटा तोंडाशी नेला आणि श्वास ओढायच्या आधी थांबला. त्याला नवशा आठवला.

आठवला असं म्हणणंही खरं नाही. तो निशाने तिसरा प्रश्न वाचला तेव्हाच आठवला होता.

नवशा वाघे वज्रेश्वरीकडच्या कातकरी वाडीतला. शहाण्णव-सत्त्याण्णव साली कारखान्यात कांड्या भरायला आला. राघोपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, हुशार, बोटं चपळ. लूम शिकायचा म्हणाला. राघोने त्याला तुटलेलं सूत सांधायला शिकवलं, गाठ मारायला शिकवलं. आणि एक दिवस सायकलच्या तारेची बारीक आकडी करून त्याच्या हातात दिली. "दोरा हिनं ओढ. तोंड लावू नको, छातीत कापूस जातो." नवशा सहा महिन्यांनी काम सोडून गेला. राघोने तेव्हा घरी मैनाला तारेची गोष्ट कौतुकाने सांगितली होती. बघ, गरीब माणूस आहे, त्याच्या छातीची काळजी मी घेतली. मैना तेव्हा भाकरी थापत होती. "बरं केलंत," म्हणाली होती.

राघोने ती सकाळची शिफ्ट अर्ध्यातच सोडली. मुकादम आता दुसरा होता, तरुण होता. "काय चाचा, मावशी वारली काय?" तो म्हणाला. ती गोष्ट कारखान्यात अजून चालायची.

"नाही रे," राघो म्हणाला. "एकाला भेटायचंय. उशीर झालाय."

वज्रेश्वरीच्या एसटीतून तो उतरला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. देवळाच्या रस्त्यावर निळ्या प्लास्टिकखाली रानभाज्यांचे ढीग लावून बायका-माणसं बसली होती. त्याने एकाला विचारलं, "इथं नवशा वाघे कुठं असतो?"

"मीच. भाजी पायजे का मानूस?"

केस पांढरे झाले होते, पण जुड्या बांधणारी बोटं तीच होती. "मी राघो. भिवंडीचा. लूम," एवढंच राघोला बोलता आलं.

नवशाने वर पाहिलं, ओळखलं, आणि त्याच्या मागे कोणी आहे का ते पाहिलं. "वैनी न्हाय आल्या?"

राघोला कळेना. "कोण वहिनी?"

"तुमची मंडळी. गेल्या साली पावसात आल्या व्हत्या. नाव इचारत इचारत आल्या. टाकळ्याच्या चार जुड्या नेल्या."

राघो तिथल्याच दगडावर बसला. टाकळा त्याला आठवत होता. अंगणवाडीच्या बायकांबरोबर वज्रेश्वरीला जाऊन आले, असं मैना म्हणाली होती. लसूण घालून केली होती भाजी. त्याने दोनदा मागून घेतली होती आणि एकदाही काही विचारलं नव्हतं.

"गेली ती," तो म्हणाला. "वर्ष होईल रविवारी."

नवशाचे हात थांबले. त्याने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाला, "चांगल्या व्हत्या. जमिनीवर बसून बोलल्या माझ्याशी."

"काय विचारलं तिनं?"

"तारंचं इचारलं."

"नवशा, ते मी... छातीत कापूस जातो म्हणून दिली होती मी."

"मंग तुमच्या छातीत जात नव्हता का?"

तो रागाने बोलला नाही. भाव सांगावा तसं बोलला आणि पुढची जुडी बांधायला घेतली.

"वैनींना मी बोललो, तुमचा नवरा वंगाळ न्हाय. गाठ मारायला त्यानंच शिकवला. माझ्या डब्यातली मासळी न्हाय खाल्ली कदी, पन शिव्या न्हाय दिल्या. पन तार दिली. आनि एक दिस माज्या हातात तार नव्हती, मी धोट्याला तोंड लावला. तुमी नंतर तो फडक्यानं पुसला. मला दिसू नये असा पाठ फिरवून पुसला. मला दिसला."

राघोला हे आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. पण नवशाने सांगितल्याबरोबर त्याच्या हाताला ते फडकं आठवलं. तेलकट, लूमच्या पट्टीवरच्या खिळ्याला अडकवलेलं.

"इद्रीसभाईंनी माझा धोटा पुसला नव्हता," तो हळूच म्हणाला.

"कोन?"

"होता एक माणूस."

"मी घरी येऊन बायकोला बोललो, तिथंबी हाय शिवाशिव. मला वाटला व्हता फोटोवाल्यांच्यात नसंल." राघोच्या लूमवर बाबासाहेबांचा लहानसा फोटो होता, त्याविषयी तो बोलत होता. "म्हनून सोडलं काम. दुसरं काय न्हाय."

पाऊस थोडा वाढला. नवशाने प्लास्टिकची कड ओढून राघोच्या डोक्यावर येईल अशी केली.

"वैनींना मी इचारला, ह्ये समदं तुमी लिवनार का? लिवा, माझी हरकत न्हाय. तर त्या बोलल्या, मी न्हाय लिवनार. त्येंची जागा सोडीन, त्येच लिवतील."

राघोने पंच्याने तोंड पुसलं. बायकोने त्याला उघडं पाडलं नव्हतं. सगळं माहीत असून घरी येऊन भाजी केली, वाढली आणि वहीत एक पान कोरं सोडलं. लूमवर त्याने कित्येक माणसं शिकवली होती, पण असं शिकवणं त्याला माहीत नव्हतं. नवशाचेही त्याला आभार मानायचे होते, त्याने ते मानलेही. "तू खरं सांगितलंस, बरं झालं," एवढेच शब्द सापडले.

"रविवारी येशील? तिच्या नावाचा कार्यक्रम आहे."

"रविवार गिऱ्हाइकाचा दिस. न्हाय जमायचा." नवशाने टाकळ्याच्या दोन जुड्या त्याच्या पिशवीत टाकल्या. "तुमी सांगा. पन फडक्याचंबी सांगा. त्ये सोडू नका."

"नाही सोडणार."

रविवारी विहारात साठ-सत्तर माणसं जमली. मैनाचा फोटो, मेणबत्त्या, वंदना झाली. मग निशाने आईची वही वाचली. अमेरिकेच्या गिरण्यांपाशी सगळे शांत झाले, मावशीपाशी हसले, इद्रीसभाईंपाशी एकदोघींनी पदर डोळ्यांना लावला. मग निशा थांबली आणि वही बापाकडे दिली.

राघो चौथी शिकलेला. तीन दिवस बसून त्याने ते पान भरलं होतं. तो एकेक शब्द जोडत वाचू लागला.

"प्रश्न तिसरा. तुम्ही कधी कोणाला अडवलंत का. उत्तर. होय. नवशा वाघे या माणसाला मी धोट्याला तोंड लावू दिलं नाही. त्याला तार दिली. छातीचं कारण सांगितलं. ते कारण माझ्यासाठी नव्हतं, फक्त त्याच्यासाठी होतं. एकदा त्याने तोंड लावलं तेव्हा मी धोटा पुसला..."

"राघोभाऊ," मागून विहार कमिटीचे लडकूभाऊ म्हणाले, "हे कशाला आता? आपल्यावर झालं ते सांगा. आपण केलं ते चव्हाट्यावर कशाला? आधीच लोक टपलेत."

काहींनी माना हलवल्या. राघो वाचायचा थांबला. वाचलेल्या शब्दावर बोट ठेवून त्याने काशीताईंकडे पाहिलं.

"लडकूभाऊ, सवाल मैनाचा आहे," काशीताई म्हणाल्या. "तिने विचारलंय, ते सांगतायत. तुम्हाला तिसरा प्रश्न नको असेल तर पहिले दोन पण सोडा. राघोभाऊ, पुढं वाचा."

राघोने वाचलं. "माझ्याबरोबर इद्रीसभाई जसे वागले तसं मला नवशाशी वागता आलं असतं. जास्त काही लागत नव्हतं. धोटा घ्यायचा आणि तोंडाला लावायचा. मला ते एकाने करून दाखवलं होतं तरी मी केलं नाही. हे मला माझ्या पत्नीमुळे समजलं. मी तिचा आभारी आहे. जय भीम."

टाळ्या वाजल्या नाहीत. सवालाला टाळ्या वाजवायची पद्धत नव्हती. लडकूभाऊ खाली बघत बसले होते.

काशीताईंनी नियमाप्रमाणे विचारलं, "ज्याच्यावर गुदरलं त्याला विचारलंत?"

"विचारलं. वज्रेश्वरीला जाऊन आलो."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तिथंबी हाय."

काशीताईंनी रजिस्टर उघडलं आणि मागच्या वर्षीचं पान काढलं. मग चष्मा वर करून राघोकडे पाहिलं.

"म्हणजे नवशा वाघे हा माणूस आहे होय? आम्ही वर्षभर समजत होतो, कोणीतरी लेखक असेल."

त्यांनी रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं. 'कोणाला विचारलं' या रकान्यात मैनाच्या अक्षरात एकचा आकडा घालून लिहिलं होतं, नवशा वाघे, वज्रेश्वरी. त्याच्या खाली तिनेच दोनचा आकडा घालून ठेवला होता. पुढे काही नव्हतं.

"तुमचं नाव मी लिहू, की तुम्ही लिहिता?"

राघोने पेन घेतलं. दोनच्या पुढे त्याने आपलं नाव लिहिलं. मैनाने आकडा जरा खाली घातला होता, म्हणून त्यालाही खालीच लिहावं लागलं. लिहून झाल्यावर त्याने ते दोनदा वाचलं. मग रजिस्टर काशीताईंकडे फिरवून दिलं आणि पुरुषांच्या बाजूला, शेवटच्या चटईवर जाऊन बसला.

"पुढच्या रविवारी कोण?" काशीताईंनी विचारलं.

मग मधल्या रांगेतून एका बाईने हात वर केला.